फेब्रुवारी १९४६ : नाविकांच्या उठावातून गिरणगाव कुठे गेलं?

दर फेब्रुवारीत तो मेसेज फिरायला लागतो. १९४६ साली मुंबईत नौदलाने बंड केलं, इंग्रजांचं धाबं दणाणलं, दुसऱ्याच दिवशी त्यांनी भारत सोडायची तयारी सुरू केली, गांधींचा त्यात काडीचाही वाटा नव्हता आणि हे तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांनी खुद्द कबूल केलंय. खाली एक ओळ असते, ‘शाळेत हे कधी शिकवलं नाही.’ उठाव विसरला गेला ही तक्रार अगदी खरी आहे. पण या मेसेजला त्या नाविकांचं काही पडलेलं नाही. त्याला फक्त गांधींवर भिरकावायला धोंडा हवा असतो.

आधी तारखा बघू. १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या ‘तलवार’ या सिग्नल प्रशिक्षण तळावरच्या नाविकांनी जेवण नाकारलं आणि काम बंद केलं. १९ तारखेला लंडनमध्ये कॅबिनेट मिशनची, म्हणजे सत्तांतराची बोलणी करायला भारतात येणाऱ्या ब्रिटिश मंत्र्यांच्या शिष्टमंडळाची, घोषणा झाली. लागोपाठचे दिवस, म्हणून एकामुळे दुसरं घडलं असं धरून चालतात. प्रत्यक्षात मिशन पाठवायचा निर्णय ब्रिटिश मंत्रिमंडळाने २२ जानेवारीलाच घेतला होता आणि घोषणेचा दिवसही उठावाआधीच ठरला होता.

आता ॲटलींचं ‘कबुलीपत्र’. १९५६ साली ते कलकत्त्याला आले, तेव्हा न्यायमूर्ती फणिभूषण चक्रवर्ती पश्चिम बंगालचे प्रभारी राज्यपाल होते. दोघांचं खाजगी बोलणं झालं आणि चक्रवर्तींनी ते १९७६ च्या एका पत्रात लिहिलं. म्हणजे एका माणसाने वीस वर्षांनी आठवून सांगितलेला संवाद. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण तेवढ्याच बळावर स्वातंत्र्यलढ्याची तीस वर्षं पुसून टाकता येत नाहीत.

याचा अर्थ उठावाने काही झालं नाही असा मुळीच नाही. आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनी देश पेटला होता. जानेवारीत ब्रिटिश हवाई दलातल्या गोऱ्यांनीच घरी पाठवा म्हणून संप केला होता. फेब्रुवारी संपता संपता जबलपूरला लष्कराच्या सिग्नल तुकड्यांमध्येही तीच ठिणगी पडली. ज्या फौजेच्या जोरावर राज्य चाललं होतं, तिचा भरवसा उरला नाही. ही गोष्ट मोठीच आहे, तिला मिठमसाल्याची गरज नाही.

उलट बाजूने हा उठाव ‘जेवणाची तक्रार’ म्हणून झटकून टाकणारेही पुष्कळ आहेत. जेवण निकृष्ट होतं, तळाचा प्रमुख कमांडर किंगच्या शिव्या ऐकवत नव्हत्या, हे सगळं खरं. पण बलाईचंद्र दत्त या तरुण नाविकाने आणि त्याच्या साथीदारांनी ‘तलवार’च्या भिंतींवर ‘जय हिंद’ आणि ‘भारत छोडो’ रंगवलं होतं, ते डाळभाताची चव सुधारावी म्हणून नव्हे. संप समितीच्या मागण्या वाचा. गोऱ्या नाविकांइतका पगार, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियात तिथला स्वातंत्र्यलढा दडपायला पाठवलेलं भारतीय सैन्य परत बोलवा! पंचविशीही न गाठलेली ही पोरं दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्यासाठीही अडून बसली होती. मला या उठावातलं सगळ्यात थोर काही वाटत असेल तर ही मागणी.

संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट असे तिन्ही झेंडे एकत्र लागले. बघता बघता ७८ जहाजं आणि सुमारे २० हजार नाविक संपात उतरले. २१ तारखेला कॅसल बॅरॅक्सला गोळीबार झाला. वेळ पडली तर अख्खं नौदल नष्ट करू, असं नौदलाचा प्रमुख ॲडमिरल गॉडफ्रेने रेडिओवरून धमकावलं. आणि इकडे मुंबईकर गेटवेवर जहाजांसाठी खाण्याचे डबे, फळं घेऊन येत होते.

मग आला २२ फेब्रुवारी, आणि नेमका हाच दिवस त्या मेसेजमध्ये कधीच नसतो. कम्युनिस्ट पक्षाने हरताळ पुकारला, काँग्रेसमधल्या समाजवादी नेत्या अरुणा असफ अली पाठीशी उभ्या राहिल्या. काँग्रेस आणि लीग या दोघांचाही विरोध होता, तरी सुमारे तीन लाख कामगार बाहेर पडले, गिरण्या थंडावल्या. रस्त्यावर लष्कर उतरवलं गेलं. परळला महिला कार्यकर्त्यांवर गोळ्या आल्या. कमल दोंदे जागच्या जागी गेल्या, शेजारी कुसुम रणदिवेंच्या पायात गोळी घुसली, अहिल्या रांगणेकर थोडक्यात वाचल्या. त्या दोन-तीन दिवसांत मुंबईत २२८ नागरिक मेले आणि हजारावर जखमी झाले, हा सरकारी आकडा.

२३ तारखेला नाविकांनी शरणागती पत्करली. वल्लभभाई पटेल आणि जिना दोघांनीही तसा सल्ला दिला होता. स्वतंत्र भारतालाही शिस्तीचं सैन्य लागणार, ही पटेलांची काळजी मला समजते. शहर जळत असताना ती रास्तही होती. पण कोणावरही सूड उगवला जाणार नाही, हा दिलेला शब्द पाळला गेला नाही, हे मला आजही सहन होत नाही. शेकडो नाविकांना नोकरीतून काढलं. स्वातंत्र्यानंतर ना भारताच्या नौदलाने त्यांना परत घेतलं, ना पाकिस्तानच्या.

कुलाब्याला नाविकांचं स्मारक तरी झालं. गिरणगावातल्या मेलेल्यांचं काय? ते ना कुठल्या एका पक्षाचे, ना एका धर्माचे, त्यामुळे आज कोणालाच त्यांचा उपयोग नाही. म्हणून ही पोस्ट. परळ, लालबाग, डिलाईल रोड, काळाचौकी, जिथे जिथे जुनी घरं आहेत तिथल्या मित्रांनो, आजी-आजोबांकडून या दिवसांबद्दल काही ऐकलं असेल, घरातलं कोणी त्या गोळीबारात गेलं असेल, तर लिहा. नाव, चाळ, गिरणी, जे आठवत असेल ते. चाळी पडतायत आणि सांगणारी पिढी जवळपास संपली आहे.