दहा पानं उघडली म्हणजे वाचलं?

ग्रंथपालांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा एक मजकूर आता एका महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीच्या टिपणीत जसाच्या तसा उतरला आहे, म्हणून हा खटाटोप. मजकूर थोडक्यात असा: "अमेरिकेतल्या विद्यापीठांत ग्रंथपाल आता पुस्तकं निवडत नाहीत. विद्यार्थी जे ई-पुस्तक वाचतो तेच आपोआप खरेदी होतं. न वाचलेल्या पुस्तकावर पैसा जात नाही. घेतलेलं पुस्तक कायमचं आपलं. आपणही हेच करावं."

पद्धत खरी आहे. तिला डिमांड-ड्रिव्हन ॲक्विझिशन (वाचकाच्या मागणीनुसार खरेदी), डीडीए म्हणतात. बाकी मजकूर कोणीतरी एखाद्या वितरकाचं माहितीपत्रक अर्धवट वाचून लिहिलेला दिसतो.

'वाचलं तरच पैसे.' वाचन मोजण्याचं यंत्र अजून निघालेलं नाही. मोजला जातो तो ट्रिगर, म्हणजे ज्या कृतीने ग्रंथालयाला पैसे लागू होतात ती, आणि तो करारात लिहिलेला असतो. ईब्ररी या ई-पुस्तक वितरकाचा नेहमीचा ट्रिगर होता दहा पानं किंवा दहा मिनिटं, किंवा काही कॉपी-प्रिंट केलं तर लगेच. अनुक्रमणिका आणि सूची तेवढ्या माफ. ईबीएल या दुसऱ्या वितरकाकडे पहिली पाच मिनिटं फुकट असत, मग शॉर्ट-टर्म लोन, म्हणजे थोड्या दिवसांसाठी भाड्याने पुस्तक, आणि ठरलेल्या संख्येची लोनं झाली की पुढच्या मागणीला खरेदी. संदर्भाचं एक वाक्य शोधत अकरा पानं उलटणारा विद्यार्थी आणि पुस्तक मन लावून वाचणारा विद्यार्थी, बिलात दोघं सारखेच.

आता हिशेब करा. पुस्तक १०० डॉलरचं, एका दिवसाचं लोन किमतीच्या १५ टक्के, खरेदी चौथ्या मागणीला. तीन लोनांचे ४५ आणि वर पुस्तकाचे पूर्ण १००, कारण लोनांची रक्कम किमतीतून वळती होत नाही. एकूण १४५. लोनचा दर ३० टक्के झाला की तेच पुस्तक १९० ला पडतं. हा कल्पनाविलास नाही. २०१४ च्या उन्हाळ्यात अनेक प्रकाशकांनी लोनचे दर खरोखरच असे चढवले आणि अमेरिकी ग्रंथालयांची वर्षाची गणितं मध्येच कोलमडली.

'ग्रंथपाल निवडत नाहीत.' या वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान होणार आहे. विद्यार्थ्याला कॅटलॉगमध्ये जे दिसतं तेच तो उघडतो, आणि काय दिसावं हे ग्रंथपालच ठरवतो: विषय, प्रकाशनवर्ष, पातळी, प्रकाशक, कमाल किंमत. अमेरिकेतल्या निसो या मानक संस्थेची २०१४ ची डीडीएवरची शिफारसपुस्तिका उघडून पाहा. उद्दिष्ट ठरवणं, प्रोफाइल (कोणती पुस्तकं दिसावीत याचे निकष), कॅटलॉगमध्ये रेकॉर्ड म्हणजे पुस्तकांच्या नोंदी चढवणं, पुस्तकं काढून टाकणं, मूल्यमापन, जतन, यांतलं बरंचसं काम ग्रंथालयाच्याच माथी आहे. चुकून ट्रिगर लागू नये म्हणून पुस्तक सुरुवातीला नुसतं चाळणं फुकट असावं, हेही त्यात आहे.

प्रोफाइल ढिलं ठेवलं की काय होतं? जुनी आणि नवी आवृत्ती दोन्ही दिसतात, दोन्ही विकत घेतली जातात. कपाटात छापील प्रत असलेलं पुस्तक पुन्हा येतं, कारण छापील आणि ई-आवृत्तीचे आयएसबीएन वेगळे. नुसते आयएसबीएन जुळवून दुबार पुस्तकं सापडत नाहीत, शीर्षक-लेखक-आवृत्ती ताडून पाहावी लागते. डीडीएच्या रेकॉर्डना वेगळी खूण न घालता ती चढवली, तर पैसे संपल्यावर नेमकी तीच मागे घेता येत नाहीत. मग वाचक दुव्यावर टिचकी मारतो आणि दार बंद. साठ जणांच्या वर्गाला एकाच वेळी एकालाच उघडता येणाऱ्या परवान्याचं पुस्तक लागलं, तर उरलेले एकोणसाठ ताटकळतात.

अर्धं सत्य मान्य करायलाच हवं, मन मारून का होईना. ग्रंथपालांनी निवडलेली बरीच पुस्तकं पडून राहतात. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळजवळ ४० टक्के १९७५ अखेरपर्यंत एकदाही घरी नेली गेली नव्हती. डीडीएचा जन्म याच दुखण्यातून झाला. पण त्यावरचा इलाज निवड सुधारणं हा आहे. निवडच सोडून देणं नव्हे.

'कायमचं आपलं' याबद्दल एवढंच: फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रोक्वेस्ट या मोठ्या ई-पुस्तक वितरकाची मालक कंपनी क्लॅरिव्हेटने एकरकमी कायमची पुस्तकविक्री बंद करणार असल्याचं जाहीर केलं. ओरड झाल्यावर मुदत वाढवली, निर्णय मात्र फिरवला नाही.

आणि 'आपणही हेच करावं'? आपलं अनुदान ३१ मार्चच्या आत खर्ची पडावं लागतं. डीडीएचा खर्च परीक्षेच्या महिन्यात उसळतो आणि सुट्टीत थंडावतो. मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तकं या परदेशी वितरकांकडे जवळजवळ नाहीतच, त्यामुळे बीएच्या विद्यार्थ्याचा ट्रिगर लागणार तरी कशाला?

टिपणी मंजूर करायचीच असेल, तर वितरकाकडून आधी लेखी घ्या: ट्रिगर नेमका कशाने लागतो, लोनचा दर वर्षभर बदलणार नाही ना, एका पुस्तकाची कमाल किंमत किती, परवाना एकावेळी किती वाचकांचा, आणि वितरकाकडे आगाऊ भरलेली ठेव २० टक्क्यांवर आली की खरेदी आपोआप न होता ग्रंथपालाच्या मंजुरीसाठी थांबेल का. एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या सरकारी योजनेतून मिळणारी ई-पुस्तकं डीडीएच्या यादीतून वजा करा, तीही पहिलं रेकॉर्ड चढवण्याआधी.