‘विषय उपयोगाचा, म्हणून पगार जास्त’ हे गणित कुठे चुकतं?

सध्या एक मजकूर बराच फिरतोय: विद्यापीठात प्राध्यापकाचा पगार विषयाच्या उपयोगावर ठरतो. इंजिनिअरिंग-मॅनेजमेंटवाले विद्यार्थी आणि पैसा आणतात म्हणून वर, भाषा-इतिहासवाले खाली. यातली तफावत खरी आहे. अमेरिकेत अकाउंटिंगच्या नव्याकोऱ्या सहायक प्राध्यापकाला इतिहासाच्या ज्येष्ठ प्राध्यापकापेक्षा जास्त पगार मिळतो, याचं तिथे कुणाला नवल वाटत नाही. चुकतंय ते कारण.

आधी ‘उपयोग’. भारतात सातव्या वेतन आयोगानुसार यूजीसीच्या वेतनश्रेणीत सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, मग तो संस्कृत शिकवो की संगणकशास्त्र. पण एम्समधल्या डॉक्टर प्राध्यापकाला वर मूळ वेतनाच्या २० टक्के एनपीए (नॉन-प्रॅक्टिसिंग अलाउन्स) मिळतो. हा भत्ता खासगी प्रॅक्टिस न करण्याचा आहे. तो किती चांगलं शिकवतो याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. फायनान्स, कायदा, अकाउंटिंगमध्येही हेच, फक्त तिथे भत्त्याला असं प्रामाणिक नाव नाही. बाहेर कंपन्या आणि फर्म उभ्या असतात, म्हणून विद्यापीठाला बोली वाढवावी लागते. इतिहासात पीएच.डी. झालेला माणूस ‘मग मी चाललो’ म्हणाला, तर तो कुठे जाणार हे समोरच्याला पक्कं ठाऊक असतं.

आता ‘विद्यार्थी कुठे आहेत?’ अमेरिकेत पहिल्या वर्षी इंग्रजी लेखनाचा कोर्स जवळपास प्रत्येकाला करावा लागतो. याहून पक्की मागणी कुठली? तरी तो मोठ्या प्रमाणावर शिकवतात अर्धवेळ शिक्षक किंवा संशोधक विद्यार्थी. अर्धवेळ शिक्षकाला एका कोर्सचे काही हजार डॉलर. पुढच्या सत्रात बोलावतील की नाही, याची खात्री नाही. एकेका विद्यार्थ्याचा निबंध, मग त्याचा सुधारलेला खर्डा, मग पुन्हा तोच, ही तपासणी त्याच पैशात. आणि खर्च म्हणाल, तर डेलावेअर विद्यापीठाने जमवलेल्या आकडेवारीवरून अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडलाय: तितकंच शिकवायला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा खर्च इंग्रजीच्या साधारण दुप्पट येतो. गणित मात्र इंग्रजीपेक्षाही स्वस्त पडतं, कारण वर्ग मोठे भरतात. म्हणजे कोण कुणाला पोसतंय, हे त्या मजकुराइतकं सरळ नाही.

‘विज्ञान घ्या, नोकरी पक्की’ हेही त्यात आहे. जीवशास्त्रातल्या मंडळींना विचारून बघा. पीएच.डी.नंतर वर्षानुवर्षं पोस्टडॉक, म्हणजे तात्पुरती संशोधकाची नोकरी, आणि अमेरिकेतल्या अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत संशोधकाला स्वतःचा बराचसा पगार ग्रँटमधून, म्हणजे संशोधनासाठी मिळवलेल्या अनुदानातून, उभा करावा लागतो.

जर्मनीत प्राध्यापकांचं मूळ वेतन विषयावर नाही, पदाच्या श्रेणीवर ठरतं. वरची रक्कम ज्याची त्याने वाटाघाटीत मिळवायची. ते मूळ वेतन इतकं कमी होतं, की मारबुर्गचा एक प्राध्यापक थेट घटनात्मक न्यायालयापर्यंत गेला आणि २०१२ मध्ये जिंकलाही. त्याचा विषय रसायनशास्त्र. ते बिनउपयोगाचं आहे, असं तो मजकूर लिहिणाराही म्हणणार नाही.