हारांचा हिशेब

बेळगाव जिल्ह्यातल्या, म्हणजे कर्नाटकातल्या, खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात यंदा लक्ष्मी यात्रा आहे आणि तिच्यात ऑर्केस्ट्रा आणायचा की नाही यावरून महिनाभर जुंपली आहे. निमित्त एका व्हिडिओचं. शेजारच्या गावात कार्यक्रम रंगात असताना स्टेजमागे दोन नाचणाऱ्या पोरी एकमेकींच्या झिंज्या धरून भांडत होत्या, ते कुणीतरी मोबाइलवर टिपलं. 'असल्या बायका अशाच', हा निकाल तासाभरात लागला. एक नोव्हेंबरला, म्हणजे कानडी मंडळींच्या राज्योत्सवाला आणि मराठी मंडळींच्या काळ्या दिवसाला, दुकान बंद ठेवायचं की नाही यावर ज्यांचं कधी जमलं नाही, ती आमची मराठी आणि कानडी मंडळी या एका गोष्टीवर मात्र एका सुरात बोलली.

मी दुबईतल्या एका हॉटेलात रात्रपाळीला हिशेब लिहितो. सात वर्षं झाली. हॉटेलात हिंदी गाण्यांचा डान्सबार आहे, आणि ही भांडणं कुठून उगवतात ते माझ्या वहीत दिसतं.

आमच्याकडे नोटा उधळत नाहीत. गिऱ्हाईक काउंटरवरून प्लास्टिकच्या फुलांचा हार विकत घेतं. वेटर तो हार सांगितलेल्या पोरीच्या गळ्यात घालतो, गाणं संपलं की काढून पुन्हा काउंटरवर आणतो. एकच हार रात्रीत सातव्यांदा विकलेला मी पाहिलाय. पहाटे प्रत्येकीच्या नावापुढे हारांचा आकडा मांडायचा. महिन्याचं टार्गेट भरलं नाही तर पगार कापायचा. ज्या तिघींचा आकडा मोठा, त्या दुसऱ्या रात्री मधोमध उभ्या राहतात. बाकीच्या खांबाच्या बाजूला, जिथं लाइट पोचत नाही. लाइट नाही म्हणजे हार नाही, हार नाही म्हणजे परत खांब.

गेल्या वर्षी एक निपाणीकडची होती. आई विड्या वळायची. दुसरी बेळगावातलीच, शहापूरची. दोघी एकाच खोलीत राहायच्या, एकाच कुकरात भात लावायच्या. शहापूरच्या पोरीकडे एक नेहमीचं गिऱ्हाईक होतं, एकदम दहा-दहा हार घालणारं. निपाणीच्या पोरीनं त्याच्या कानात घातलं की हिला गावाकडं नवरा आहे, दोन पोरं आहेत. गोष्ट खरी होती. तो माणूस उठला तो परत आलाच नाही, या दोघींकडेही नाही आणि तिसरीकडेही नाही. त्या रात्री मेकअपरूममध्ये लेहेंग्याच्या सेफ्टी पिनेनं एकीचा दंड फाटला. मॅनेजरनं दोघींचे पैसे कापले आणि मला वहीत लाल शाईनं लिहायला लावलं.

गावच्या ग्रुपवर एकानं लिहिलं की पूर्वीच्या तमाशाच्या फडांत असलं काही नव्हतं. हे मला पटत नाही. कलगी-तुऱ्याचे शाहीर एकमेकांना रात्र रात्र सवाल घालून घाम फोडायचे. आपल्याच भागातल्या गीगी पदांत, म्हणजे कानडी सवाल-जवाबाच्या गाण्यांत, हरदेशी आणि नागेशी हे दोन पक्ष आजही भांडतात, पुरुष थोर की बाई, शिव थोर की शक्ती. थिएटरातल्या लावणीच्या संगीतबारीतही पार्ट्यापार्ट्यांत जळफळाट असायचाच, आणि दौलतजादा झाला, म्हणजे प्रेक्षकांनी पैसे दिले, तरी त्यात थिएटरमालकाचा वाटा असायचाच. फरक एवढाच की सवालाला जवाब देता यायचा. हाराला काय जवाब देणार?

आपल्याकडे वाद नेहमी एकच: बाईनं नाचावं की नाचू नये. २००५ मध्ये आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महाराष्ट्रानं डान्सबार बंद केले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी टिकू दिली नाही. पुढं नवा कायदा आला, आणि २०१९ च्या निकालानं टिप देता येईल पण पैसे उधळता येणार नाहीत असं ठरलं. सीमेअलीकडे आम्हाला तो कायदा लागू नव्हता, तरी चहाच्या गाड्यावर तावातावानं बोलणारे आमच्यातही कमी नव्हते. नोटा हातात द्यायच्या की उधळायच्या, यावर देशातल्या मोठ्या कोर्टानं डोकं घातलं. पोरीच्या हातात त्यातलं शेवटी किती राहतं, हे मी गावच्या ग्रुपवर विचारलं, तर एकानं अंगठा दाखवला आणि विषय मंडपाच्या भाड्यावर गेला.

इथं बसून गावाला शहाणपण शिकवणं सोपं आहे, हे मलाही कळतं. आमच्या ऑफिसात इन्सेंटिव्हसाठी सेल्सची पोरं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतात तेव्हा साहेब टाळ्या वाजवतो. तिथं त्याला चुरस म्हणतात. यात्रेला ऑर्केस्ट्रा आणू नका म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण नाही. रात्री दोनपर्यंत दारू पिऊन नाचणारी आमचीच पोरं असतात, आणि त्यांच्यावर व्हिडिओ निघत नाही.

निपाणीची पोर रोज पहाटे जाताना माझ्या खिडकीशी थांबायची. "दादा, माझं किती झालंय, सांग की." मी सांगायचो. मग ती हळूच विचारायची, "आणि तिचं?"

दुसऱ्या पोरीचा आकडा सांगायची मला मनाई होती. मी तोही सांगायचो, रोज.