सोबत कोण आहे?

मागच्या सोमवारी पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनची तारीख घ्यायला गेले होते. खिडकीतल्या पोराने कॉम्प्युटरवरून नजर न काढता विचारलं, "सोबत कोण आहे?"

"कोणी नाही. मीच आहे."

"मग पेशंट कुठं आहे काकू?"

"अरे बाबा, पेशंट पण मीच."

तेव्हा कुठे त्याने मान वर केली. मला आधी हसू आलं. मग बाकावर नंबरची वाट बघत बसले आणि हसू जिरलं. कारण नागपुरातल्याच एका सरकारी दवाखान्यात मी 29 वर्षं सिस्टर होते, त्यातली निम्मी तरी लेबर रूममध्ये. हा प्रश्न मी स्वतः किती बायांना विचारला असेल, त्याचा हिशेब नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, तिकडून छिंदवाडा, बालाघाट, कुठून कुठून बाया यायच्या. पोट धरून उभ्या असलेल्या बाईला तिचं नाव विचारायच्या आधी माझ्या तोंडून निघायचं, "कोन आहे वं सोबत?"

आता लगेच कोणी कमेंटमध्ये भांडू नका. प्रश्न वाईट नाही. रक्ताची पिशवी आणायला, बाहेरून औषध आणायला, बाळ धरायला माणूस लागतंच. वॉर्ड भरून वाहतोय आणि ड्युटीवर आम्ही दोघी, अशा रात्री नातेवाईक म्हणजे आमचा बिनपगारी स्टाफ. भूल द्यायची असेल तर सोबत कोणी हवंच, ते पेशंटच्याच भल्याचं आहे. माझी तक्रार पुढची आहे. बाई "कोनी नाही जी" म्हणाली, की पुढे काय होतं?

एक सांगते. वर्ष सांगत नाही, दवाखानाही विचारू नका. तिसऱ्या महिन्यात गर्भ अर्धवट पडून रक्त जात असलेली एक बाई सकाळी साडेदहाला एकटीच आली. एसटीने. नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला, त्याचा फोन लागत नव्हता. क्युरेटिंग, म्हणजे गर्भपिशवी आतून साफ करणं, करावं लागणार हे बघताक्षणी कळत होतं. पण संमतीपत्रावर सही कोणाची? डॉक्टर म्हणाले नवऱ्याला बोलवा. मी म्हटलं नवऱ्याला बोलव. ती म्हणाली, "मीच करतो ना जी सही, मले येते सही करता." नववी पास होती. खरंच सही येत होती तिला, आणि ती सांगताना तिच्या आवाजात थोडा मानही होता. आम्ही सलाईन लावलं, नाडी बघत राहिलो, आणि तिला थांबवून ठेवलं. संध्याकाळी पाचला तिचा धाकटा भाऊ आला. अठरा-एकोणीसचं पोरगं, घाबरलेलं, बोट कुठे ठेवायचं तेही कळत नव्हतं. त्याने सही केली आणि टेबल तयार झालं.

वाचली ती. तिसऱ्या दिवशी घरी गेली. पण तोपर्यंत हिमोग्लोबिन इतकं उतरलं होतं की दोन पिशव्या रक्त चढवावं लागलं, आणि त्यातलं किती त्या साडेसहा तासांत गेलं हे मला माहीत आहे.

मला नियम माहीत नव्हता असं म्हणायची सोय नाही. ट्रेनिंगमध्ये शिकवला होता. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या बाईची स्वतःची संमती पुरते. गर्भपाताचा कायदा 1971 चा, 2021 साली त्यात दुरुस्ती झाली, पण दोन्हींत संमती मागितली आहे ती त्या बाईची. नवऱ्याची नाही, सासूची नाही. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनलाही सरकारी नियमाप्रमाणे जोडीदाराची सही लागत नाही. उलटी बाजूही बघा. दिल्लीची एक बाई फक्त तपासणीसाठी भूल घेऊन टेबलावर होती. बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी तिचं गर्भाशयच काढून टाकलं. ती लढली, सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, आणि 2008 साली कोर्टाने सांगितलं की पेशंट सज्ञान असताना आईची संमती म्हणजे पेशंटची संमती नव्हे. भरपाई किती मिळाली माहीत आहे? 25,000 रुपये. पण सांगून ठेवलं कोर्टाने.

तरी आम्ही सही मागतो. उद्या नवरा येऊन तमाशा करेल, काच फोडेल, पेपरवाले येतील, म्हणून. डॉक्टर घाबरतो, डॉक्टर घाबरला की सिस्टर घाबरते, आणि सगळ्यांच्या भीतीचं बिल त्या बाईच्या नावावर फाटतं.

गंमत पुढेच आहे. सहीसाठी ज्याच्यावाचून पान हलत नाही, तो नवरा रक्ताच्या तपासणीला कधी सापडत नाही. आपल्या विदर्भात सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, घराघरात आहे. आईबाप दोघेही 'एएस', म्हणजे नुसते वाहक असले, तर प्रत्येक खेपेला मूल 'एसएस', म्हणजे आजारी निघायची शक्यता 25 टक्के. दोघेही, हा शब्द मी अक्षरशः पाटीवर लिहून दाखवायची. बाईची तपासणी गरोदरपणात होऊन जाते, ती 'एएस' निघाली की निरोप जातो, नवऱ्याला घेऊन ये. तो येत नाही. कामावर आहे, गावाला आहे, "मले काय झालं, मी तर धडधाकट आहो." मग लेकरू हातपाय सुजून, रडून रडून निळं पडून वॉर्डात येतं, आणि सासू बाहेर बाकावर बसून सांगते की आमच्या खानदानात हे नव्हतं, हिच्या माहेरचं आलं. 2023 च्या 1 जुलैला शहडोलमध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, 7 कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे. फार चांगलं. माझी एवढीच विनंती आहे की त्या 7 कोटींत नवरे पण मोजा.

आणि कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, 2019-21, पूर्ण देशाचा आकडा. लग्न झालेल्या 15 ते 49 वयाच्या बायांपैकी 37.9 टक्क्यांनी स्वतःचं ऑपरेशन करून घेतलेलं. नवऱ्याने करून घेतलं अशा 0.3 टक्के. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, टाक्यांशिवाय होतं, त्याच दिवशी घरी. सही त्याची आणि टाके हिचे, हा कुठला हिशेब आहे?

हे नवं नाही म्हणा. आनंदीबाई जोशींवर 8 मार्चला सगळेच पोस्ट टाकतात, नऊवारीतला तोच फोटो. मला त्यांची वेगळीच गोष्ट आठवते. 1883 साली अमेरिकेला निघण्याआधी त्या बंगालमध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषणाला उभ्या राहिल्या आणि लोक जे प्रश्न विचारून भंडावत होते त्यांना एकेक करून उत्तरं दिली. अमेरिकेलाच का, इथे शिकता येत नाही का, धर्म बुडेल त्याचं काय. त्यातलाच एक प्रश्न होता, एकटी का जातेस? अठरा वर्षांचीही झाली नव्हती ती मुलगी. 1886 ला डॉक्टर झाली, 1887 च्या फेब्रुवारीत गेली. तिच्यापुढचा तो प्रश्न मात्र अजून ठणठणीत आहे.

आपल्या नागपूरच्या कमलाताई होस्पेट. कोवळ्या वयात विधवा झालेली बाई नर्सिंग शिकली आणि 1921 साली वेणूताई नेने यांच्यासोबत मातृसेवा संघ काढला, बाळंतपणाचा दवाखाना. सीताबर्डीवरून जाताना नवीन पोरापोरींना ती फक्त एक पाटी वाटते. विधवेचं तोंड सकाळी बघू नये म्हणायचे तो काळ, आणि त्या काळात ही बाई दुसऱ्यांची लेकरं जगात आणत होती! 1961 ला पद्मश्री मिळाली. ती नर्स होती, डॉक्टर नव्हती, हे मी मुद्दाम सांगते, कारण आम्हा सिस्टर लोकांचं नाव इतिहासात घ्यायची पद्धत नाही.

मग डॉक्टर राणीताई बंग. शिकल्या आपल्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजलाच, आणि गेल्या गडचिरोलीला. तिथल्या दोन गावांतल्या 650 बायांची तपासणी करून त्यांनी जे मांडलं ते 1989 ला लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात छापून आलं. 92 टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग होता. आणि त्याआधी कधी तरी तपासणी झालेल्या? 8 टक्के. तोपर्यंत बाईची तब्येत म्हणजे बाळंतपण आणि पाळणा लांबवणं, बाकी दुखणी ही जणू तिची खासगी बाब. आमच्या पिढीच्या सिस्टरांना हा आकडा ऐकून धक्का बसला नाही, हे सांगायला लाज वाटते. आम्हाला माहीत होतं. आम्ही मोजलं नव्हतं, इतकंच.

सरकारनेही एक 'सोबत' तयार केली, ती म्हणजे आशाताई. 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. बाईला घरातून काढून दवाखान्यापर्यंत आणणारी. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत बायांच्या आरोग्यासाठी याहून शहाणी गोष्ट झाली नाही. पण तिला वागवतो कसं? रात्री दोनला बाळंतिणीला घेऊन ती येते, बाळंतीण आत जाते, आणि आशाताई पायरीवर. झोपायला जागा नाही, कुलूप नसलेलं संडास नाही, सकाळी परतीच्या गाडीचे पैसे पदरचे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 ला आशांचा गौरव केला. त्याच आशाताई डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की इथे यशवंत स्टेडियमजवळ थंडीत शाल गुंडाळून बसलेल्या दिसतात. मागणी काय, तर मोबदला नको, पगार द्या. मी एकदा थर्मासभर चहा घेऊन गेले होते. त्यातली एक मला ओळखून म्हणाली, "सिस्टर, तुम्हीच रागावल्या होत्या ना मले, मंदात येऊ नको म्हणून?" आता काय बोलणार?

माझी भाची डॉक्टर आहे, पीजी करतेय, कुठे ते सांगत नाही. तिला एकदा म्हटलं, तुम्हा मुलींचं बरं आहे आता, 2024 पासून तर 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी घरच्या मुलींची फीसुद्धा माफ. ती म्हणाली, "मावशी, फी माफ आहे, पण ड्युटीरूमला कडी नाही." सलग छत्तीस तास काम, आणि पाठ टेकायला गेलं तर दाराला खुर्ची लावून झोपायचं. दोन अर्ज दिले. बांधकाम विभागाकडे पाठवलाय, असं उत्तर. शेवटी तिघींनी वर्गणी काढली, गोकुळपेठेतून कडी आणली आणि सुताराला दोनशे रुपये देऊन बसवून घेतली.

ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्यात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर दवाखान्यातच बलात्कार होऊन खून झाला, त्यानंतर आसामातल्या सिलचरच्या मेडिकल कॉलेजने सूचना काढली होती, महिला डॉक्टरांनी रात्री एकटं फिरू नये. ओरड झाली, मागे घेतली. बंगाल सरकारने योजना आणली 'रात्तिरेर साथी', रात्रीची सोबत. तिच्यात काय, तर महिला डॉक्टरांना शक्यतो रात्रपाळी देऊ नका. सुप्रीम कोर्टाने झापलं, म्हणाले सुरक्षा देणं तुमचं काम आहे. बघा, पेशंट असो की डॉक्टर, बाई दवाखान्यात आली की प्रश्न तोच. एकटी आलीस का? आणि उपाय पण तोच. येऊ नकोस.

माझं म्हणणं एवढंच आहे की एकटी आलेली बाई हा पूर्ण पेशंट आहे, आणि एकटी ड्युटी करणारी बाई ही पूर्ण डॉक्टर आहे. हे मान्य केलं की पुढची कामं फार मोठी नाहीत. संमतीपत्रावरचा नवऱ्याच्या सहीचा रकाना जिथे कायद्यात नाही तिथून खोडा. खिडकीवर मोठ्या अक्षरात मराठीत लावा की सही पेशंटचीच चालते. एकट्या पेशंटसाठी औषध-रक्त आणणारा एक माणूस पाळीला नेमा. आशाताईला एक खाट द्या. दाराला कडी लावा. कोट्यवधींच्या इमारतीचं भूमिपूजन करणाऱ्यांना कडीचं उद्घाटन करता येत नाही, ही अडचण मला समजते.

एका गोष्टीचं श्रेय मात्र देते. 2023 च्या मार्चपासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं. आरोग्य खात्याचा त्यात काही हात नाही. पण परवा बाकावर माझ्या शेजारी बसलेली उमरेडकडची बाई म्हणाली, "पह्यले याले घेऊन ये, त्याले घेऊन ये, दोघाइचं भाडं. आता मी आपली येतो न् जातो." गुडघे दाखवायला आली होती. सोबत कोणी नव्हतं. तिला नंबर लागेपर्यंत दोनदा विचारून झालं होतं.

माझा नंबर आला तेव्हा त्याच पोराने फॉर्म भरला. ऑपरेशनला भूल आहे, त्यामुळे सोबतीचं नाव लागणारच, मलाही मान्य. मी माझ्या जुन्या वॉर्डातल्या सिस्टरचं नाव सांगितलं. तिचंही रिटायरमेंट झालंय, ती दोन रात्री थांबणार आहे.

"नातं?"

"मैत्रीण."

"काकू, इथं वडील, पती, मुलगा, भाऊ असं आहे. बहीण टाकू का?"

"नाही. मैत्रीण टाक."

त्याने यादी वर-खाली करून पाहिली. बिचारा खरंच शोधत होता. मग म्हणाला, "'इतर' टाकतो."

येत्या गुरुवारी आहे ऑपरेशन. इतर सकाळी साडेसातला रिक्षा घेऊन येतेय.