सिलिकॉनलाही चार हात आहेत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही लिहिलंय, "कार्बनला चार हात आहेत म्हणून सजीव त्याचे बनले, हे कारण अर्धवट आहे. सिलिकॉनलाही चारच हात. आपल्या मराठवाड्यात दगड-मातीत सगळीकडं तोच, ज्वारीच्या पानातसुद्धा आहे. लेकरं असलंच पाठ करतात. कार्बनचंच एवढं कौतुक कशाला?"

आक्षेप बरोबर आहे. मूळ लेखातलं ते वाक्य मी घाईत लिहिलं होतं. (हात म्हणजे अणूच्या दुसऱ्या अणूंना धरायच्या जागा.) भूकवचात वजनानं २८ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन आहे, कार्बन एक टक्काही नाही. नुसत्या हातांवर आणि मुबलकतेवर ठरलं असतं तर सिलिकॉननंच बाजी मारली असती. ज्वारीचंही खरं आहे. तिच्या पानाची कड हाताला चरचर कापते, त्यात सिलिकाचा, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनच्या संयुगाचा, वाटा आहे. मुळं ती पाण्याबरोबर ओढतात आणि ती पानात जाऊन घट्ट बसते.

बसते आणि तिथंच राहते, मुद्दा हाच आहे.

आमच्या घरी उन्हाळ्यात ज्वारीची धसकटं वेचून चुलीला घालायचे. सकाळी आई त्याच राखेनं भांडी घासायची. ती राख दिसायला मऊ, पण बोटांत चोळली की कचकच लागायची. ती कचकच बरीचशी सिलिकाची. धसकटातला कार्बन आदल्या रात्रीच कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत गेलेला. पुढं कुठल्या तरी पानानं तो उचलून त्याची साखर केली असणार. सिलिकॉन मात्र राखेत पडून.

असं का होतं? कार्बन-कार्बन बंध, म्हणजे दोघांची पकड, तोडायला मोलमागे (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक मोठी संख्या) साधारण ३४८ किलोज्यूल ऊर्जा लागते, कार्बन-ऑक्सिजन बंधाला ३५८. म्हणजे कार्बनला स्वतःचा भाऊ आणि ऑक्सिजन जवळपास सारखेच. सिलिकॉनचं तसं नाही : भावाशी २२२, ऑक्सिजनशी ४५२. शिवाय त्याचा अणू मोठा, ऑक्सिजनला शिरायला जागा मिळते. म्हणून सिलिकॉन-हायड्रोजनचा सिलेन वायू हवा लागताच पेटतो. लाकडाला मात्र काडी लावावी लागते.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. कार्बन दोन हातांनी एक ऑक्सिजन, उरलेल्या दोन हातांनी दुसरा धरतो. हात संपले, रेणू सुटा झाला, वायू झाला, पाण्यातही विरघळतो. सिलिकॉनला असे दुहेरी बंध टिकवता येत नाहीत. तो चार हातांनी चार ऑक्सिजन धरतो, त्यातला प्रत्येक ऑक्सिजन पुढच्या सिलिकॉनला धरतो, आणि हे जाळं कुठं थांबतच नाही. नांगराच्या फाळाला लागून ठिणगी उडवणारी गारगोटी म्हणजे तेच जाळं.

वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकापासून उभं आहे, त्या काळ्या दगडातही सिलिकॉन-ऑक्सिजनचीच पकड आहे. दगडाला तेवढं पुरतं. जिवाला धरावं लागतं तसं सोडावंही लागतं. भाकरीतला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या शेकडो-हजारो मण्यांची माळ. पिठाच्या डब्यात ती महिनोन्‌महिने टिकते आणि तोंडात लाळ लागली की सुटायला लागते. घास जरा जास्त वेळ चावून बघा, गोडसर लागेल.

मूळ लेखातलं 'चार हात आहेत म्हणून' हे वाक्य आज काढलं. त्या जागी धसकटाच्या राखेचं उदाहरण घातलंय. एकदा वाचून कळवा.