छडी गेली म्हणून वर्ग बिघडले?

आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या आणि परवा चक्क शिक्षकांच्या ग्रुपवर एकच मजकूर आला: "आमच्या वेळी वर्गात साठ पोरं, तरी टाचणी पडली तर ऐकू यायची. कायद्यानं मास्तरांची छडी काढली आणि वर्गांचा बाजार झाला. चार मस्तीखोर बाहेर काढा, नियम सगळ्यांना सारखे ठेवा." खाली हात जोडलेले. नागपुरात १९ वर्षं शिकवतोय, पहिली काही वर्षं छडी घेऊनच. म्हणून हे उत्तर.

टाचणीचं आधी. वर्ग शांत असायचा, खरंय. मीही त्याच साठांत होतो. पण भागाकार न कळलेला पोरगा हात वर करत नव्हता, कारण वर केलेला हात पुढे करावा लागायचा. आणि साठांपैकी मध्येच शाळा सोडून गेलेल्यांचं काय? ते माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर नसतात.

आता कायदा. शिक्षणहक्क कायदा २००९चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. कलम १७ नं मनाई केली ती शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला. जागा बदलणं, पालकांना बोलावणं, शांतपणे पण ठाम सांगणं, यातलं काहीच काढून घेतलेलं नाही. त्याच कायद्यात पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि सहावी ते आठवीत ३५ मुलांमागे एक शिक्षक असं लिहिलंय. साठांचा अभिमान असणाऱ्यांनी ते पानही फॉरवर्ड करावं.

मस्तीखोरांबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण इथे मीच चुकलो होतो. दुपारपाळीचा सहावीचा वर्ग, ऑक्टोबर. शेवटच्या तासाला खिडकीकडच्या रांगेत रोज ढकलाढकली. "सर, हा मले ढकलून राहिला!" रोज तेच दोघं, रोज माझे फटके. एकदा वह्या तपासायला त्याच बाकावर टेकलो आणि पाच मिनिटांत उठलो. खिडकी पश्चिमेची, पडदा नाही, आणि चारनंतरचं नागपूरचं ऊन सरळ मानेवर. कडेचा पोरगा सावलीत सरकायचा, तो शेजाऱ्याला रेटायचा. दुसऱ्या दिवशी बाक दीड हात आत घेतले, रांग तिरकी केली. भांडण संपलं. फटके खाल्लेल्या दोघांना मी 'चुकलं माझं' म्हणालो. एक लाजला, दुसऱ्यानं विचारलं, "मंग खिडकीले पडदा लावता का?"

जेकब कूनिन नावाच्या अमेरिकन संशोधकानं वर्गांचं चित्रीकरण करून १९७० मध्ये हेच मांडलं होतं. गोंधळ झाल्यावर शिक्षक काय करतो, यावरून चांगला वर्ग आणि वाईट वर्ग वेगळे काढता येत नव्हते. फरक होता तो गोंधळाच्या आधीच्या वागण्यात: सगळीकडे लक्ष असणं, एका कामातून दुसऱ्यात जाताना रेंगाळू न देणं. आपल्याकडे म्हणतात ना, मास्तरला पाठीलाही डोळे असतात, तेच. माझ्यापुरतं सांगायचं तर पोरं आत येण्याआधी फळ्यावर एक गणित असतं आणि वह्या वाटायचं काम ठरलेल्या बाकांकडे. एवढ्यानं पहिली दहा मिनिटं वाचतात.

नियम सारखे? गाळलेला गृहपाठ पुन्हा करायचा, हा नियम सगळ्यांना एकच. पण अक्षरं उलटसुलट दिसणाऱ्या मुलीला तितक्याच मिनिटांत तितकाच उतारा वाचायला लावणं म्हणजे न्याय नव्हे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, दहावीला बोर्डही जादा वेळ देतं. मी तिला उतारा आदल्या दिवशी देतो. बाकीची पोरं कुरकुरतील वाटलं होतं. कोणी काही बोललं नाही.

मजकुरातली एक गोष्ट मला मान्य आहे: शिक्षक थकलेत. पण ते छडीवाचून नव्हे. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही कामं कायद्यानंच शिक्षकाला लावता येतात. त्या ड्युटीवरून परत वर्गात यावं, तर बाक पुन्हा भिंतीला सरळ लावलेले असतात, आणि शेवटच्या तासाला खिडकीकडून आवाज येतो, "सर, हा मले..."