कोकोचं झाड आणि भावाभावातली जमीन: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही वेळ काढून लिहिलंत, म्हणून उत्तरही सवडीने देतो. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या तोमिनी लोकांवर मी लिहिलेला लेख तुम्हाला खटकला. भाषांची नावं मी उगाच वाढवली, रोगराई आली की भुताखेतांना नैवेद्य देणाऱ्यांना मी सरळ मुसलमान म्हटलं, आणि कोकोमुळे चार पैसे हाती आले तरी रडगाणं गायलं, असं तुमचं म्हणणं. 'गरीब माणूस नगदी पीक घेऊन वर आला तर बिघडलं कुठे?' हा तुमचा शेवटचा प्रश्न.

नावांबद्दल आधी सांगतो, कारण तिथे चूक माझी आहे. तोमिनी हे मुळात आखाताचं नाव. विषुववृत्त या आखातावरूनच जातं. त्याच्या वायव्येला किनाऱ्याची चिंचोळी पट्टी आणि लगेच मागे उभे डोंगर, असा तो मुलूख. 2002 साली दोंग्गाला जिल्ह्यातून वेगळा काढलेला पारिगी मौतोंग जिल्हा तो हाच. तिथे आणि डोंगरापलीकडच्या किनाऱ्यावर लाउजे, तियालो, ताजियो, पेंडाउ, दोंदो, तोतोली अशा दहाएक नात्यातल्या भाषा बोलल्या जातात. अभ्यासकांनी त्यांची मोट 'तोमिनी-तोलीतोली' या नावाखाली बांधली. मी लेखात 'तोमिनी भाषा' असं एकवचनी लिहून गेलो होतो, ते आज दुरुस्त केलं आहे. पण नावं कमी करा हे मात्र पटत नाही. डोंगरातल्या लाउजे माणसाला आखाताचं नाव चिकटवलं की त्याची ओळखच पुसली जाते.

धर्माबद्दल थोडं. किनाऱ्यावरचे बहुतेक लोक मुसलमान आहेत, डोंगरात मिशनऱ्यांमुळे काही ख्रिस्ती झाले. तिनोम्बो भागातले लाउजे 'मोमासोरो' नावाचा विधी करतात. रोगराई टळावी म्हणून नैवेद्य भरून तो समुद्रात सोडायचा. आपल्याकडे मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडतात, तो आठवला तर त्यामागची भावना लगेच कळेल. हे इस्लामला धरून आहे का, यावर तिथेच वाद आहे. पण वाद घालणारी दोन्ही माणसं स्वतःला मुसलमानच म्हणवतात. त्यातल्या एकाला बाद ठरवायचा अधिकार मला नाही, आणि माफ करा, तुम्हालाही नाही.

आता कोको. माझा जीव खरा इथे अडकला आहे.

लाउजे डोंगरातली जुनी रीत फिरत्या शेतीची. उतारावरचं रान तोडायचं, जाळायचं, टोकदार काठीने भोकं पाडून मका किंवा डोंगरी भात टोकायचा, आणि पुढे जमीन पडीक ठेवून दुसरीकडे जायचं. मूळ जंगल ज्याने पहिल्यांदा तोडलं त्याचा त्या जागेवर हक्क, आणि त्याच्यामागे त्याच्या सगळ्या वंशजांचा मिळून. मात्र जो राबेल, पीक त्याचं. हे इतकं पक्कं की नवरा-बायकोचे तुकडेसुद्धा वेगळे असत. जेवण एकत्र, शेत आपापलं. तरण्या पोराला शेत करायचं असलं की चुलत्याकडे जाऊन पडीक तुकडा मागायचा.

1990 च्या सुमाराला कोको आला. मका चार महिन्यांत निघतो आणि जमीन पुन्हा मोकळी होते. कोकोला फळ धरायलाच तीनचार वर्षं लागतात, आणि पुढे वीस-पंचवीस वर्षं झाड हलत नाही. झाड ज्याने लावलं त्याचं, म्हणून झाडाखालची जमीनही त्याचीच झाली. सामाईक हक्क कोणी मोडीत काढला नाही, तो झाडांच्या सावलीत नाहीसा झाला. तानिया ली या मानववंशशास्त्रज्ञ 1990 पासून जवळजवळ वीस वर्षं याच डोंगरात जाऊन येऊन हे पाहत होत्या. त्यांनी टिपलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मोजता, विकता येईल अशा तुकड्यासाठी लाउजे लोकांकडे शब्द नव्हता. तो त्यांनी बाहेरून घेतला: 'लोकासी'.

इथे कुठली कंपनी आली नाही, कुणी बंदूक रोखली नाही. भावाभावात, चुलत्यापुतण्यात हे घडलं. ज्याच्या हाताशी पैसा आणि माणसं होती त्याने भराभर झाडं लावली. ज्याच्या घरात आजारपण आलं, दुकानदाराची उधारी वाढली, त्याने लोकासी विकली.

पैसा आला, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. 1997-98 मध्ये रुपिया कोसळला तेव्हा डॉलरच्या भावाने विकल्या जाणाऱ्या कोकोने सुलावेसीत अनेक घरांवर पत्रे चढवले. पण ते पत्रे ज्यांच्या घरावर चढले नाहीत त्यांचं पुढे काय झालं, एवढंच मी लेखात विचारलं होतं. पूर्वी हात रिकामे झाले की मक्यापुरती जागा मिळायची. आता चुलत्याकडे जावं तर सगळीकडे कोको. खाली किनाऱ्यावर उतरावं तर नारळाच्या बागांना आधीपासूनच मालक. मजुरी मिळेल त्या दिवशी दुकानातून तांदूळ आणायचा. मिळाली नाही तर त्या दिवशीचं काय, हे तुम्हीच सांगा. वर गेलेल्यांबद्दल माझी तक्रार नाही. मी लिहिलं ते त्यांच्याच सख्ख्या भावांबद्दल होतं.